लेझाँदली आणि शातो गायार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेन नदीच्या वळणावरचं लेझाँदली हे नॉर्मंडीतलं बाजारगाव बहुतेकांना एका फोटोमुळे माहीत असतं. खाली नदीचा चंद्रकोरीसारखा वळसा आणि वर पांढऱ्या कड्यावर शातो गायार हा पडका किल्ला. त्या फोटोपलीकडचे जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गाव नेमकं कुठे आहे? आणि नावाचा उच्चार कसा करायचा?

फ्रान्सच्या उत्तरेला, नॉर्मंडीतल्या अर जिल्ह्यात, सेनच्या उजव्या काठावर. पॅरिसपासून रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर आणि रुआँपासून चाळीसच्या आसपास. वस्ती आठेक हजार. गाव लहान असलं तरी उपजिल्ह्याचं ठिकाण आहे, त्यामुळे सरकारी कचेऱ्या, शाळा, दवाखाना असं सगळं इथेच.

उच्चार ‘लेझाँदली’. नावाच्या शेवटी लिहिलेला ‘स’ बोलताना गायब होतो, मधला मात्र ‘झ’ होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो. तिकीट खिडकीवर ‘लेस अँडेलिस’ म्हणालात तर समोरचा माणूस दोनदा विचारेल.

२. नकाशात पती-आँदली आणि ग्राँ-आँदली अशी दोन नावं दिसतात. ही दोन गावं आहेत का?

एकेकाळी होती. नावातलं अनेकवचन त्यामुळेच आलं आहे. ग्राँ-आँदली, म्हणजे थोरलं, नदीपासून आत गांबों नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात आहे. ते फार जुनं, सहाव्या शतकातल्या मठाभोवती वाढलेलं. पती-आँदली, म्हणजे धाकटं, थेट सेनच्या काठावर किल्ल्याच्या पायथ्याशी. ते इंग्लंडच्या रिचर्ड राजाने बाराव्या शतकाच्या शेवटी किल्ल्याबरोबरच वसवलं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ती किल्ल्याची पेठ.

दोन्हींमध्ये दीडेक किलोमीटरचा सरळ रस्ता आहे, चालत वीस मिनिटं. खोली आरक्षित करताना हे पाहून घ्या. नदी आणि किल्ला हवा असेल तर धाकट्या आँदलीत राहा. बाजार, मोठं चर्च, संग्रहालय थोरल्या आँदलीत आहे. बरेच प्रवासी धाकटं पाहून परततात आणि अर्धं गाव न बघताच घरी जातात.

३. पॅरिसहून गाडीशिवाय कसं जायचं?

गावाला स्वतःचं चालू रेल्वे स्टेशन नाही. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनवरून रुआँच्या दिशेची गाडी घ्यायची आणि गायों-ओबव्वा स्टेशनवर उतरायचं. प्रवास तासाभराचा किंवा थोडा जास्त. तिथून गाव बारा-तेरा किलोमीटर.

चूक होते ती दोन जागी. पहिली म्हणजे रुआँच्या सगळ्या गाड्या गायोंला थांबत नाहीत. जलद गाडीत बसलात तर थेट रुआँला पोचाल. दुसरी म्हणजे स्टेशनबाहेर रिक्षास्टँडसारखी टॅक्सींची रांग असेल असं गृहीत धरू नका. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवावी लागते आणि परतीचीही त्याच वेळी सांगून ठेवावी. बस आहे, पण फेऱ्या मोजक्या, रविवारी तर भरवसा धरूच नये. व्हेर्नों हे आधीचं मोठं स्टेशन आहे. तिथे वाहन मिळणं सोपं, पण अंतर वाढून वीस-बावीस किलोमीटर होतं.

सायकल चालवणाऱ्यांसाठी ‘ला सेन आ व्हेलो’ हा पॅरिसहून समुद्राकडे जाणारा सायकलमार्ग गावातूनच जातो. पॅरिस आणि ओंफ्लर यांच्यामध्ये फिरणारी नदीवरची क्रूझ जहाजंही धाकट्या आँदलीच्या धक्क्याला लागतात.

४. एकच दिवस हाताशी असेल तर कुठल्या वारी जावं?

शनिवारी. त्या दिवशी सकाळी बाजार भरतो. शनिवार जमत नसेल तर दुसरा कुठलाही वार घ्या, पण मंगळवार टाळा. किल्ल्याचा आतला भाग हंगामातही मंगळवारी बंद असतो (प्रश्न १४).

शनिवारचा क्रम असा ठेवा : नऊ-साडेनऊला थोरल्या आँदलीत बाजार, मग पाच मिनिटांवरचं नोत्र-दाम चर्च, दुपारी चालत धाकट्या आँदलीत, नदीकाठी बसून बाजारातून आणलेलं जेवण आणि जेवण जिरल्यावर गड. उलट क्रम लावणाऱ्यांना बाजार उठलेला सापडतो.

५. बाजारात काय मिळतं आणि काय सांभाळायचं?

बाजार प्लास निकोला पुसँ या चौकात भरतो. भाजीपाला, सफरचंदं, सायडर, कोंबड्या, दिएपच्या बाजूचे मासे, हंगामात कालवं, आणि नॉर्मंडीची चीज. त्यात नफशातेल हे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं मऊ चीज जवळच्याच ब्रे प्रदेशातलं. आयताकृती, गोल अशा रूपातही ते मिळतं, चवीत फरक नाही. फरक पडतो तो मुरण्याने. कोवळं आंबटसर आणि भुसभुशीत असतं, जुनं तिखट.

अर्ध्या किलोला इथले लोक ‘युन लीव्र’ म्हणतात. पाटीवर दर किलोचा असतो, मागणी मात्र लीव्रमध्ये ऐकू येते. फळांना स्वतः हात लावून निवडायची पद्धत नाही. ‘आजच खायचंय’ किंवा ‘दोन दिवसांनी’ एवढं सांगायचं, विक्रेता तसं निवडून देतो. आधी ‘बोंझूर’ म्हटल्याशिवाय भाव विचारणं उद्धटपणाचं समजतात. घासाघीस करू नका, तिचा उपयोग होत नाही. सुटे पैसे जवळ असू द्या. साडेबाराच्या सुमारास गाडे आवरायला लागतात आणि एकपर्यंत चौक रिकामा होतो.

सप्टेंबरात इथे ‘फ्वार आ तू’ भरते. नॉर्मंडीत जुन्या-पान्या वस्तूंच्या जत्रेला हाच शब्द आहे. त्या शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

६. शातो गायार कोणी बांधला आणि इथेच का?

इंग्लंडचा राजा रिचर्ड पहिला, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, त्याने. तो नॉर्मंडीचा ड्यूकही होता. तिसऱ्या धर्मयुद्धातून परतताना तो कैदेत पडला, तेवढ्यात फ्रान्सच्या फिलिप दुसऱ्याने सीमेवरचे किल्ले बळकावले. पॅरिसकडून रुआँकडे जाणारी वाट म्हणजे सेन नदी आणि त्या वाटेवरचं मोक्याचं वळण हे. वळणावर नदीपासून सुमारे ९० मीटर उंच चुनखडीचा सुळका आहे आणि पायथ्याशी नदीत बेट. नदी अडवायची तर याहून चांगली जागा नव्हती.

अडचण एकच होती. जानेवारी ११९६ च्या लूव्हिए तहात आँदलीला तटबंदी करायची नाही असं दोन्ही राजांनी कबूल केलं होतं. शिवाय जमीन रुआँच्या आर्चबिशपची, वॉल्टर द कुतांसची होती. रिचर्डने तह गुंडाळून ठेवला आणि जमीन घेतली. आर्चबिशपने सगळ्या नॉर्मंडीवर धर्मबंदी घातली, म्हणजे चर्चमधले विधीच थांबवले. प्रकरण पोपपर्यंत गेलं. ऑक्टोबर ११९७ मध्ये तडजोड झाली आणि आर्चबिशपला बदल्यात दिएप बंदर आणि इतर मालमत्ता मिळाली. आर्चबिशपचं त्यात नुकसान झालं असं मुळीच नाही.

७. किल्ला एका वर्षात बांधला हे खरं का?

नाही. काम ११९६ ते ११९८ असं चाललं, तेही वेगवानच. ‘माझी एका वर्षाची लेक किती देखणी’ असं रिचर्ड म्हणाल्याचं सांगतात, त्यावरून हा समज पसरला. हिशेबाच्या चोपड्यांमध्ये दोन वर्षांचा खर्च सुमारे १२,००० पौंड दिसतो. त्याच रिचर्डने आपल्या सबंध कारकिर्दीत इंग्लंडमधल्या सगळ्या किल्ल्यांवर मिळून साधारण ७,००० पौंड खर्च केले. हिशेबात पाथरवट, सुतार, लोहार, खाणकामगार अशा सगळ्यांची मजुरी आहे. मुख्य गवंड्याचं नाव मात्र नाही, म्हणून रिचर्डने स्वतःच आराखडा केला असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

या किल्ल्याचं सुख त्याला फार लाभलं नाही. एप्रिल ११९९ मध्ये शालू नावाच्या किल्ल्याच्या वेढ्यात बाण लागून तो मेला.

८. किल्ल्याची रचना समजून घ्यायची तर काय बघावं?

दक्षिणेच्या वरच्या वाहनतळाकडून उतरत आलात तर शत्रू ज्या बाजूने आला त्याच क्रमाने किल्ला दिसतो, आणि तसाच बघावा. तीन बाजूंना उतार आहे. सपाटीवरून येता येतं ते फक्त या एका बाजूने. म्हणून सगळी ताकद इथे लावली आहे.

सर्वांत पुढे त्रिकोणी पडकोट, त्याचं टोक थेट शत्रूकडे. त्यामागे खडकात खोदलेला खंदक. मग मधला कोट, ज्यात देवघर आणि तळघरं होती. त्याच्या पोटात आणखी एक खंदक आणि बालेकिल्ला. बालेकिल्ल्याची भिंत नीट बघा. सरळ नाही, सुट्या बुरुजांचीही नाही, तर एकाला एक लागून अर्धगोल फुगवटे आहेत, करंजीच्या कातलेल्या कडेसारखे. दगडाचा गोळा सपाट भिंतीवर आदळतो तसा तो इथे सरळ बसत नाही, घसरतो. भिंतीखाली आंधळी जागाही कमी राहते.

आत मुख्य मनोरा. शत्रूच्या बाजूला त्याला जहाजाच्या नाळेसारखी चोच काढली आहे आणि खाली निमुळते होत गेलेले दगडी आधार आहेत. त्या आधारांवर पुढे आलेल्या सज्जातून खालच्या माणसावर दगड सोडता येत. पश्चिम युरोपातल्या अशा दगडी रचनांपैकी ही अगदी सुरुवातीची.

आपल्या गडांवर हिंडलेल्यांना एक गोष्ट लगेच खटकेल. कातळात खोदलेली पाण्याची टाकी इथे नाहीत. सगळी भिस्त खोल विहिरींवर. त्याचे परिणाम प्रश्न १२ मध्ये.

९. इतका भक्कम किल्ला सहा-सात महिन्यांत पडला कसा?

रिचर्डनंतर त्याचा भाऊ जॉन गादीवर आला. ऑगस्ट १२०३ मध्ये फिलिप इथे पोचला. किल्लेदार होता रॉजर द लेसी.

आधी नदी. रिचर्डने सेनमध्ये आडव्या मेढी ठोकल्या होत्या. फिलिपच्या माणसांनी त्या फोडल्या आणि नावांचा पूल बांधला. जॉनने वेढा उठवायला रात्रीचा डाव रचला. त्याचा सरदार विल्यम मार्शल जमिनीवरून आणि रसद भरलेल्या होड्या नदीतून, एकाच वेळी. प्रवाहाचा अंदाज चुकला, होड्या मागे पडल्या. मार्शल एकटाच भिडला आणि मागे रेटला गेला. होड्या उजाडल्यावर आल्या तेव्हा फ्रेंच तयारच होते. नंतर गोबेर नावाच्या पट्टीच्या पोहणाऱ्याने बंद मडक्यांतून निखारे नेऊन बेटावरचा लाकडी कोट पेटवला. बेट पडलं, पेठ पडली, पेठेतली माणसं गडावर पळाली (त्यांचं काय झालं ते प्रश्न ११ मध्ये). डिसेंबरात जॉन नॉर्मंडी सोडून इंग्लंडला गेला, तो परत आलाच नाही.

हिवाळाभर फिलिपने खंदक आणि लाकडी मनोऱ्यांनी गडाला कोंडलं. मग १२०४ च्या फेब्रुवारी-मार्चात तीन टप्प्यांत कोट घेतले.

पहिला, पडकोट. खंदक अर्धवट भरला, टोकाच्या बुरुजाखाली सुरुंग लावला. हा बारुदाचा सुरुंग नव्हे, तो काळ अजून यायचा होता. पायाखाली पोकळी खणायची, वर लाकडाचे टेकू द्यायचे, मग ते टेकू पेटवायचे. टेकू जळले की वरची भिंत आपल्याच वजनाने बसते. बुरूज कोसळला, लेसीने पडकोट पेटवून दिला आणि तो मागे हटला.

दुसरा, मधला कोट. इथे काही शिपाई एका नको त्या भोकातून आत गेले (प्रश्न १०). आत गोंगाट करून आग लावली, मोठी तुकडी शिरल्याचा भास निर्माण केला आणि दरवाजा उघडला.

तिसरा, बालेकिल्ला. दरवाज्यासमोरचा पूल म्हणून खंदकात मुळातला खडकच तसा सोडला होता. लाकडी पूल असता तर ओढून घेता आला असता. हा दगडी, तो ओढायचा कसा? उलट त्याच्या आडोशाला बसून फ्रेंचांनी भिंतीखाली खणलं. आतून लेसीच्या माणसांनी प्रतिसुरुंग खणला, तर दोन्हीकडून पोखरलेली भिंत आणखीच कमकुवत झाली. कॅब्युलस नावाच्या मोठ्या गोफणयंत्राने शेवटचे तडाखे दिले. ६ मार्च १२०४ ला किल्ला पडला. उरलेले दीडशेच्या आतबाहेरचे लोक मुख्य मनोऱ्यात शिरलेही नाहीत. ज्या मनोऱ्यावर इतका खर्च झाला, तो लढलाच नाही.

२४ जूनला रुआँने शस्त्रं ठेवली आणि नॉर्मंडी फ्रेंच राजाकडे गेली.

१०. शत्रू शौचकूपातून आत शिरला, ही गोष्ट खरी की रंगवलेली?

शिरले हे खरं, कुठून याबद्दल मतं दोन. वेढ्याचं वर्णन लिहिणारा गिय्योम ल ब्रेतों हा फिलिपचा धर्मगुरू, प्रत्यक्ष तिथे हजर. त्याच्या हकिकतीनुसार पिएर बोजी नावाचा शिपाई साथीदाराच्या खांद्यावर उभा राहून खिडकीतून आत गेला. ती खिडकी जॉनने नंतर जोडलेल्या इमारतीची. वर देवघर आणि खाली साठवणीची जागा किंवा शौचकूप, असं वर्णन त्याच्याच लिखाणात थोडं बदलत जातं. लोकांना अर्थातच शौचकूपाची आवृत्ती आवडते आणि मार्गदर्शकही तीच सांगतात. राजगड-रायगडच्या तटातले शौचकूप पाहिलेल्यांना त्या भोकातून माणूस कसा शिरेल हा प्रश्न पडेल, तो रास्त आहे. खिडकीचीच शक्यता जास्त वाटते. दोष दोन्हीत एकच : रिचर्डच्या आराखड्यात नसलेली बाहेर उघडणारी जागा.

११. ‘निरुपयोगी तोंडं’ म्हणून कोणाचा उल्लेख होतो?

पेठेतून गडावर आलेल्या रयतेचा. आकडे १,४०० ते २,२०० असे वेगवेगळे मिळतात. धान्य पुरेना म्हणून लेसीने त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. पहिल्या दोन तुकड्यांना, मिळून हजारेक जणांना, फ्रेंचांनी वाट दिली. फिलिपला हे कळल्यावर त्याने यापुढे कोणालाही सोडायचं नाही असा हुकूम केला. कारण उघड होतं. माणसं आत राहिली तर धान्य लवकर संपेल.

शेवटची काही शे माणसं बाहेर आली तेव्हा समोरून बाण आले. मागे वळली तर दरवाजा बंद. गडाचा उतार आणि फ्रेंचांचे खंदक यांच्या मधल्या पट्ट्यात ती हिवाळाभर अडकली. गवत, पाला, कुत्र्यांचं मांस असं खाऊन जगली, निम्मी मेली. अखेर फिलिपनेच त्यांना अन्न देऊन जाऊ दिलं. आज त्या उताराच्या पायवाटेवर बाकं आहेत आणि वसंतात रानफुलं फुलतात. कुठलीही खूण डोळ्यांना दिसत नाही.

१२. मग आज दिसणारी पडझड १२०४ ची का?

फारच थोडी. फिलिपने किल्ला दुरुस्त करून वापरला. इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवर्षीय युद्धात तो पुन्हा पुन्हा हात बदलत राहिला. १४१९ मध्ये इंग्लंडच्या हेन्री पाचव्याच्या सैन्यापुढे तो सुमारे वर्षभर टिकला आणि पडला तो दोरखंडांमुळे. विहिरीतून पाणी शेंदायचे दोर झिजून तुटले आणि दुसरे नव्हते. १४३० मध्ये ला इर या फ्रेंच सरदाराने अचानक छापा घालून तो घेतला, काही महिन्यांत पुन्हा गमावला. १४४९ मध्ये तो कायमचा फ्रेंचांकडे आला.

खरी मोडतोड शांततेच्या काळातली. बंडखोरांनी ओसाड किल्ल्यात ठाण मांडू नये म्हणून सोळाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री चौथ्याच्या हुकुमाने तो पाडायला सुरुवात झाली आणि दगड मठांच्या दुरुस्तीला दिला गेला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ते काम थांबलं. १८६२ मध्ये तो संरक्षित स्मारक झाला.

१३. इथे राणीचा गळा आवळून खून झाला होता ना?

मार्गरित द बुर्गोन्य इथे कैदेत होती आणि १३१५ मध्ये इथेच मेली, एवढं नक्की. १३१४ मध्ये फिलिप चौथ्याच्या सुनांवर व्यभिचाराचा आरोप आला. मार्गरित आणि ब्लांश या दोघींना इथे डांबलं. मार्गरितचा नवरा लुई दहावा गादीवर आल्यावर तिचं मरण त्याला सोयीचं ठरलं, कारण त्याला दुसरं लग्न करायचं होतं. गळा आवळल्याची वदंता तिथून आली. पुरावा नाही. थंडी आणि हाल एवढं कारणही पुरेसं होतं.

याच किल्ल्यात एक राजा पाहुणा म्हणूनही राहिला. स्कॉटलंडचा बालराजा डेव्हिड दुसरा १३३४ ते १३४१ या काळात फ्रान्सच्या आश्रयाला होता, तो इथे.

१४. किल्ल्याला तिकीट आहे का? कधी उघडा असतो?

बाहेरचा परिसर, पडकोट, खंदकाची बाजू आणि माथ्यावरची पठारं बिनतिकीट, वर्षभर. तिकीट लागतं ते फक्त बालेकिल्ल्याच्या आत जायला. तो भाग साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा असतो, मंगळवारी बंद. दुपारी जेवणाच्या वेळेतही दार लावलेलं असू शकतं. दुरुस्तीची कामं मधूनमधून निघतात, म्हणून निघण्याआधी नगर पर्यटन कचेरीकडे त्या दिवसाची वेळ विचारा. आत बंद असलं तरी फेरी वाया जात नाही. नव्वद टक्के बघण्यासारखं बाहेरूनच दिसतं.

१५. चढ किती अवघड आहे?

धाकट्या आँदलीतून पायवाट वर जाते. वीस ते तीस मिनिटं, शेवटचा टप्पा उभा. आपल्या गडांची सवय असलेल्याला किरकोळ. धोका चढाचा नाही, चुनखडीचा आहे. पाऊस पडून गेला की पांढरी माती साबणासारखी होते आणि उतरताना पाय सुटतो. खाच असलेल्या तळव्यांचे बूट घाला. काही कडांना कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका.

चढायचं नसेल तर थोरल्या आँदलीतून पाट्या बघत गाडीने वर जाता येतं. वाहनतळ किल्ल्यापेक्षाही उंचावर आहे. तिथून किल्ल्यापर्यंत उतार आणि परतताना तोच चढ. चाकाच्या खुर्चीला वरच्या ठिकाणावरून नदीचा देखावा मिळू शकतो, किल्ल्यात जाता येत नाही.

१६. तो प्रसिद्ध फोटो कुठून काढतात?

वरच्या वाहनतळाजवळच्या कड्यावरून, वायव्येकडे तोंड करून. सकाळी ऊन पाठीमागून येतं, किल्ल्याचे दगड आणि नदी दोन्ही उजळतात. उन्हाळ्यात संध्याकाळी सूर्य समोर येतो. आकाश छान येतं, किल्ला काळा पडतो. शरद ऋतूत पहाटे नदीवर धुकं दाटतं. ते नऊ-दहापर्यंत टिकलं तर वरून फक्त ढगांचा समुद्र दिसतो, म्हणून थांबायची तयारी ठेवा.

१७. थोरल्या आँदलीतलं नोत्र-दाम चर्च खास का?

कारण त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या काळांत बोलतात. मूळ इमारत तेराव्या शतकातली. दक्षिणेची बाजू ज्वाळांसारखी नक्षी असलेल्या उत्तर गॉथिक शैलीत, उत्तरेची सोळाव्या शतकातल्या रनेसाँस (प्रबोधनकालीन) शैलीत, खांब-कमानी मोजून मापून. आत जाण्याआधी बाहेरून एक प्रदक्षिणा घाला, फरक आपोआप कळतो. आत सोळाव्या शतकातल्या रंगीत काचा आहेत आणि १५७३ सालच्या लाकडी कोरीवकामाचा ऑर्गन. कांतँ व्हारँ या चित्रकाराची चित्रंही इथेच (ती महत्त्वाची का, ते प्रश्न १९ मध्ये).

चर्चपासून जवळच सँत-क्लोतिल्दचा झरा आहे. क्लोतिल्द ही फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याची राणी. तिने इथे मठ बांधायला घेतला तेव्हा तहानलेल्या मजुरांसाठी झऱ्याच्या पाण्याची वाइन झाली अशी कथा आहे. जूनच्या सुरुवातीला तिची यात्रा असते.

१८. धाकट्या आँदलीत किल्ल्याशिवाय काय?

सँ-सोव्हर हे छोटं चर्च, रिचर्डच्या पेठेबरोबरचं, चारही हात सारख्या लांबीचे असलेल्या क्रॉसच्या आराखड्यावर. आतला रोबेर अँगू याने बांधलेला १६७४ चा ऑर्गन जाणकार मुद्दाम ऐकायला येतात. नदीकाठी घुमटाचं सँ-जाक रुग्णालय, अठराव्या शतकातलं. मागच्या गल्ल्यांत लाकडी चौकटींची घरं. काठाने दोन्ही दिशांना चालत राहणं हाच इथला मुख्य उद्योग.

चित्रकार पॉल सिन्याक १८८६ च्या उन्हाळ्यात इथे राहून रंगवत होता. त्याचं ‘लेझाँदली, काठ’ हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ते आधी पाहून आलात तर जागा ओळखू येते.

१९. चित्रकार पुसँ इथलाच ना? त्याची चित्रं इथे बघायला मिळतात का?

निकोला पुसँ १५९४ मध्ये गावालगतच्या व्हिलेर वाडीत जन्मला. १६१२ च्या सुमारास कांतँ व्हारँ चर्चसाठी चित्रं रंगवायला आला आणि ते काम बघून पोराने चित्रकार व्हायचं ठरवलं असं मानतात. पुढे त्याचं बहुतेक आयुष्य रोममध्ये गेलं, १६६५ मध्ये तिथेच तो वारला. त्याची बरीच चित्रं लूव्रमध्ये आहेत. इथल्या निकोला पुसँ संग्रहालयात त्याचं एकच मोठं चित्र, ‘कोरिओलान’. संग्रहालय रोज दिवसभर उघडं नसतं. तेवढ्यासाठी येत असाल तर वेळ विचारूनच या.

२०. इतकं जुनं गाव, मग बाजारचौकातल्या इमारती नव्या का?

जून १९४० मध्ये जर्मन बॉम्बवर्षावात थोरल्या आँदलीचा मध्य जळून गेला. चर्च वाचलं. चौकाभोवतीची घरं युद्धानंतरची आहेत.

२१. गरम हवेच्या फुग्याने इंग्लिश खाडी ओलांडणारा माणूस इथला होता का?

ज्याँ-पिएर ब्लाँशार, जन्म १७५३, धाकटी आँदली. ७ जानेवारी १७८५ ला त्याने जॉन जेफ्रिजबरोबर डोव्हरहून उड्डाण करून खाडी ओलांडली. मात्र फुगा गरम हवेचा नव्हे, हायड्रोजनचा होता. वाटेत तो खाली येऊ लागला तेव्हा दोघांनी अंगावरचे कपडेसुद्धा फेकून वजन कमी केलं.

२२. जुन्या मार्गदर्शिकेत नॉर्मंडी-निएमन हवाई दलाचं संग्रहालय दिलंय. सापडत नाही.

ते गावातून हललं. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या आघाडीवर लढलेल्या त्या फ्रेंच तुकडीचा संग्रह आता पॅरिसजवळच्या ल बूर्जेच्या विमान संग्रहालयात आहे.

२३. शाकाहारी माणसाने काय खावं?

बाजाराच्या दिवशी चिंता नाही : पाव, फळं, टोमॅटो, सफरचंदाचा टार्ट. अडचण दोन ठिकाणी येते. कीशमध्ये (अंडं आणि सायीचं सारण भरलेला खारा टार्ट) बहुधा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, वरून दिसत नाहीत. आणि कामाँबेर, नफशातेलसारखी पारंपरिक चीज प्राण्यांच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहारी असाल तर ती वगळा. उपाहारगृहात ‘नी व्हियाँद, नी प्वासों’, म्हणजे मांस नको मासे नको, असं पूर्ण सांगा. नुसतं मांस नको म्हटलं तर मासा समोर येऊ शकतो. जेवण बारा ते दोन एवढ्याच वेळात मिळतं. अडीचला पोचलात तर बेकरीवर भागवावं लागेल.

२४. जिव्हेर्नी आणि लेझाँदली एका दिवसात जमेल का?

स्वतःची गाडी असेल तर जमेल, अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. सकाळी उघडताच जिव्हेर्नीतली चित्रकार मोनेची बाग, दुपारी किल्ला. सार्वजनिक वाहनांनी करू नका, दिवस वाट बघण्यात जातो. बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर एवढीच उघडी असते.

२५. हिवाळ्यात गेलं तर?

गाव चालू असतं, बाजार भरतो, किल्ला बाहेरून बघता येतो आणि पानं झडल्यामुळे खालूनही तो स्पष्ट दिसतो. पण दिवस लहान, साडेपाचच्या आत अंधार. जानेवारी-फेब्रुवारीत सेन फुगली तर धाकट्या आँदलीचा काठ पाण्याखाली जातो, काठावर लावलेली गाडी तिथून हलवा.

२६. मी गायोंला उतरून ‘शातो’ विचारलं आणि लोकांनी भलतीकडेच पाठवलं. का?

कारण गायों गावात स्वतःचा शातो आहे. शातो द गायों हा रुआँच्या आर्चबिशपांचा रनेसाँस काळातला प्रासाद, किल्ला नव्हे. तुम्हाला हवा तो शातो गायार, नदीपलीकडचा. नावं कानाला सारखी लागतात, म्हणून ‘लेझाँदली’ हे गावाचं नाव आधी घ्या. व्हान आणि आँब्वाझ या गावांतही शातो गायार नावाच्या वास्तू आहेत. फोनच्या नकाशात नुसतं किल्ल्याचं नाव टाकलं तर तो तुम्हाला ब्रिटनीत किंवा ल्वार नदीकाठी नेऊ शकतो.